कॅप्टन स्वतः का गेली?

"अगं बये, त्या डब्याला पाठव की!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं थिएटर फुटलं. हसू साधंसुधं नव्हतं. लोक खुर्चीचे हात बडवत होते, बायका पदर तोंडाला लावून गदगदत होत्या. पडद्यावर कॅप्टन हेलन यानाच्या दारात उभी, तीनशे माणसांसाठी जीव द्यायला निघालेली. मागे संगीत असं की दगडाला पाझर फुटावा. आणि पनवेलची पब्लिक पोट धरून हसतेय! मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो. कारण त्या सिनेमाचे मराठी संवाद मी लिहिले होते.

दहा-बारा वर्षं झाली या गोष्टीला. सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "हा? हा तर आम्ही दोनदा पाहिलाय." अमेरिकेतला तुफान चाललेला अंतराळपट. तो हिंदीत येणार, तमिळ-तेलुगूत येणार हे ठरलेलंच होतं. मराठीतही करून बघू, असं मात्र पहिल्यांदाच कुणाच्या तरी मनात आलं होतं. कंपनीची अट एकच होती. दोन चाचणी खेळ करायचे, लोकांना पटला तर राज्यभर लावायचा, नाही पटला तर मराठी आवाज कपाटात. शुक्रवारचा पहिला खेळ हा असा झाला. दुसरा सोमवारी संध्याकाळी होता.

तसे त्या सिनेमात खड्डे कमी नव्हते, आणि मला खड्डे काढायची भारी हौस. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस मी. अंतराळात हवा नाही, तरी यानं फुटतात ती धडाधड आवाज करत. अनोळखी ग्रहावर उतरल्या उतरल्या ही मंडळी हेल्मेट काढून फुलं हुंगायला लागतात. अरे, आपण परगावचं पाणी पिताना दहादा विचार करतो! पण सगळ्यांत मोठा खड्डा शेवटी. यानात माणसं वर्षानुवर्षं गाढ झोपलेली. धोक्याची घंटा वाजते, कॅप्टन तेवढी जागी होते. सोबतीला एक रोबॉट आहे, त्याने अख्ख्या सिनेमात गळती थांबवलीय, इंजिन उघडून जोडलंय, भिंतीवर चालून दाखवलंय. आणि शेवटी बाहेर जाऊन एक झडप हाताने बंद करायची असते, जो जाईल तो परत येणार नाही, तेव्हा हा गडी काचेमागे उभा राहून बघत बसतो आणि कॅप्टनबाई स्वतः जातात!

इंग्रजीत बघताना हे कुणाला टोचत नाही. परक्या भाषेत मूर्खपणासुद्धा भारदस्त वाटतो. हेलन मराठी बोलायला लागली की ती आपल्या शेजारची बाई होते, आणि शेजारच्या बाईला आपण विचारणारच, की अगं, तू कशाला गेलीस?

आणि हेलनचं मराठी होतं तरी कुणाचं? हंसाताई भडकमकरांचं. नाव कदाचित ठाऊक नसेल तुम्हाला, आवाज मात्र नक्की ऐकलाय. कार्टूनमधल्या चेटकिणी, लोणच्याच्या जाहिरातीतल्या सासवा, बोलक्या बाहुल्या, खारी, गाई, सगळं हंसाताई. त्याआधी उमेदीची वर्षं रंगभूमीवर. साठी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर आठी, आणि कुणालाही एका शब्दात गप्प करणारी बाई. एवढ्या वर्षांत अख्खी नायिका त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

डबिंग संपता संपता त्यांचा आवाज फाटायला लागला. डॉक्टरने नळी घालून बघितलं, स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन सोमवारी सकाळी. तोवर अवाक्षर काढायचं नाही. "एवढ्यात जर ताण दिलात तर आवाज गेला म्हणून समजा," असं त्याने त्यांना आमच्या डबिंगच्या दिग्दर्शकांसमोर, पराडकरांसमोर, बजावून सांगितलं होतं.

म्हणून त्या रात्री पनवेलला हंसाताई आमच्याशेजारी तोंड मिटून बसल्या होत्या. पब्लिक हसत होती आणि त्या पडद्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मोबाइल काढला, अंगठ्याने सावकाश काहीतरी टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं, "त्यांचं बरोबर आहे".

शनिवारी मी स्वतःला घरात कोंडून घेतलं. या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. डबिंगच्या लेखकाला ओठांची बेडी असते. पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडलं की आपला शब्द सुरू, मिटलं की बंद, मग वाक्य पुरं होवो न होवो. पण तोंडच दिसत नसेल तर? मग तुम्ही राजे. पाठमोरा माणूस, लांबवरचा माणूस, हेल्मेटमधला माणूस, यांच्या तोंडी काय वाट्टेल ते घाला. हेलनच्या हेल्मेटला सोनेरी काच होती, आतलं काही दिसत नव्हतं. रोबॉटला तर देवाने तोंडच दिलं नव्हतं, एक निळा दिवा लुकलुकायचा. मूळ सिनेमात त्या जागी मिनिटभर नुसतं संगीत आणि श्वास. म्हणजे खड्डा बुजवायला मिनिटभराचं मोकळं रान! मी खूश झालो आणि लिहायला बसलो.

रविवारी सकाळी गोरेगावच्या स्टुडिओत पोचलो तेव्हा रोबॉटचा आवाज देणारे विद्याधर मोने आधीच येऊन चहा पीत बसले होते. मोने आणि हंसाताई नाटकापासूनचे सोबती. त्यांच्या शेजारी मनवा नावाची एक मुलगी बसली होती. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. हंसाताईंच्या जागी तेवढं मिनिट तिच्याकडून करून घ्यायचं पराडकरांनी ठरवलं होतं.

मी कागद काढून वाचून दाखवला. रोबॉटच्या सांध्यांत बर्फ धरलाय, त्याची बॅटरी संपत आलीय, आणि ती झडप माणसाच्या बोटांचे ठसे लागल्याशिवाय फिरत नाही.

मोने कप खाली ठेवत म्हणाले, "अरे डिंगणकर, एक कारण दिलं तर माणूस ऐकून घेतो. तीन दिली की तो समजतो, याने काल ऑफिसला दांडीच मारली होती."

"पण खड्डा बुजतो ना, काका!"

"बुजतो. मड्डम मरायला निघाल्यात आणि आपण मेकॅनिकचं बिल वाचून दाखवतोय."

तरी पराडकरांनी एकदा घेऊन बघितलं. मनवाने आवाज असा लावला की डोळे मिटले तर हंसाताईच समोर. शब्द नेमके बसले, सेकंदाचाही फरक नाही. हसू आलं नसतं आता कुणाला, हे खरं. दुसरंही काही आलं नसतं. पराडकर डोकं खाजवत बसले.

तेवढ्यात दार ढकलून हंसाताई आत आल्या. गळ्याला मफलर, हातात पिशवी. मोन्यांनीच त्यांना कळवलं होतं, हे मोन्यांचं तोंड बघून लगेच समजलं.

"ताई, उद्या ऑपरेशन आहे तुमचं!" पराडकर उठलेच. "घरी जा बघू आधी."

हंसाताईंनी मोबाइल पुढे केला. "एकच टेक".

"एक नाही नि अर्धा नाही! डॉक्टर काय म्हणाला ते मी स्वतः ऐकलंय. उद्या आवाज गेला तर मी कुठे तोंड दाखवू?"

त्यांनी त्याच दोन शब्दांवर बोट आपटलं.

आता माझंही डोकं फिरलं. "ताई, कमाल करता तुम्ही! ही मनवा आहे ना इथे. हुबेहूब तुमचा आवाज काढते. तिला करू द्या की, तुम्ही कशाला जाताय मरायला?"

मोने एकदम हसायला लागले. "बघ हंसा, हा पण पनवेलचाच निघाला."

मला क्षणभर काही उमगलं नाही. मनवा बिचारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "खरंच, मी करते ना ताई. कुणाला कळायचंही नाही." हंसाताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, तिच्या गळ्यातले हेडफोन अलगद काढले आणि स्वतःच्या कानांवर चढवले. मग मोन्यांची बाही धरून त्यांना ओढतच आत, माइकपाशी नेलं. असं कधी होत नाही. डबिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा घेतात, समोरचा नट कधी भेटतही नाही. पराडकर काचेमागून ओरडले, "अहो, एकेक जण या!" आतून कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

मी घाईघाईने माझा कागद त्यांच्यापुढे स्टँडवर लावायला गेलो. हंसाताईंनी तो घेतला, नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबला.

"अहो ताई, मग बोलणार काय?"

त्यांनी मोन्यांकडे बोट दाखवलं. मोने खांदे उडवत म्हणाले, "मला काय माहीत? मी विचारतो, ही सांगेल. नाटकात हिने आयुष्यभर मला हेच करायला लावलंय."

पराडकरांनी कपाळाला हात लावला आणि चित्र सुरू केलं. पडद्यावर हेलनने हेल्मेट चढवलं, सोनेरी काच खाली आली. रोबॉटचा निळा दिवा लागला.

मोने रोबॉटच्या सपाट आवाजात म्हणाले, "कॅप्टन, मला पाठवा. मी तुटलो तर दुसरा करता येईल."

पब्लिकने ओरडून विचारलेला प्रश्न त्यांनी सरळ सिनेमालाच विचारायला लावला होता! मी आणि पराडकर एकमेकांकडे बघायला लागलो.

"ठाऊक आहे मला," हंसाताई म्हणाल्या.

किती दिवसांनी ऐकत होतो तो आवाज! खरखरीत झाला होता, कडेने झिजला होता. पण होता.

"मग तुम्ही का?"

पडद्यावर हेलन दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबली होती, तेवढा वेळ हंसाताईही थांबल्या. नुसता श्वास. मी घड्याळाकडे बघायला लागलो, वेळ पळत होता.

"हे तीनशे जण झोपायला घाबरत होते रे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं डोळे मिटायचे, ते कुणाच्या भरवशावर? एकेकाच्या उशाशी उभी राहिले मी. प्रत्येकाला एकच सांगितलं. सांग बरं, काय सांगितलं?"

हा प्रश्न मोन्यांना ठाऊक नव्हता. शपथेवर सांगतो. त्यांनी मान वळवून हंसाताईंकडे बघितलं, आणि त्यांचा तो यंत्राचा आवाज पहिल्यांदाच किंचित हलला.

"'मी आहे.' असं सांगितलंत."

"हां. 'मी आहे.' 'यंत्र आहे' असं नव्हतं सांगितलं."

"नाही, कॅप्टन."

"मग हो बाजूला."

शेवटचा शब्द अर्धा आवाज होता आणि अर्धी नुसती हवा. तो संपला आणि पडद्यावर हेलनने दार ढकललं, त्याच क्षणी, मोजून मापून केल्यासारखं. कुणी मोजलं नव्हतं हो! तो सिनेमा मी तोवर किती वेळा पाहिला असेल, याची गणती नाही. ती बाई बाहेर का गेली, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी मनवा तोंडावर हात दाबून उभी होती.

आत हंसाताई माइकच्या दांड्याला धरून वाकल्या होत्या. खोकत होत्या. मोन्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पराडकर धावत आत गेले आणि म्हणाले, "ताई, झालं. झालं. आता बोलू नका." त्या बोलणार कुठून? तोंड उघडलं तरी काही उमटत नव्हतं. त्यांनी भुवया उडवून मला विचारलं, कसं झालं? मी वाकून त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार होतो?

सोमवारी सकाळी त्यांना ऑपरेशनला आत नेलं. मोने इस्पितळात थांबले, आम्ही पनवेलला गेलो. कंपनीतर्फे रूबी मिस्त्री नावाच्या पारशी बाई आल्या होत्या, त्यांच्या एका शब्दावर सगळं अवलंबून होतं. करारात स्वच्छ लिहिलेलं होतं की मुळात नसलेला एक शब्दही घालायचा नाही.

थिएटर पुन्हा भरलेलं. फुलं हुंगतात तिथे लोक हसले, हसू देत. मग ती जागा आली. "मला पाठवा," असं रोबॉट म्हणाला मात्र, कुणीतरी मागून "बरोब्बर!" म्हणालं. पण तेवढंच. सगळे उत्तर ऐकायला थांबले होते. "यंत्र आहे असं नव्हतं सांगितलं," यावर हसू आलं, पण कसं? घरातली मोठी बाई फटकारते तेव्हा येतं तसं, मायेचं. आणि "मग हो बाजूला" म्हटल्यावर ते जागच्या जागी थांबलं.

हेलनने झडप बंद केली. तिचा हात सुटला. ती पांढरी आकृती सावकाश लांब जायला लागली, काळोखात, लहान लहान होत. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क बाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गेली बाई," आणि त्यांनी हात जोडले. रस्त्याने कुणाची अंत्ययात्रा चालली की आपण ओळखपाळख नसताना थांबून जोडतो ना, तसे. त्यांच्या शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं आणि जोडले. मग त्या रांगेत, पलीकडच्या रांगेत. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या जोडलेल्या हातांवर पडला होता. अमेरिकेतली कुठली कोण नटी, खोटं यान, खोटे तारे, आणि पनवेलची माणसं तिला नमस्कार करत होती. मी आजवर देवळातसुद्धा इतकी शांतता अनुभवलेली नाही. मी रडत होतो हे मला नंतर कळलं.

दिवे लागल्यावर मिस्त्रीबाई चष्मा पुसत माझ्याकडे आल्या. "डिंगणकर, हे डायलॉग इंग्लिशमध्ये कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो. खोटं बोलायचं बळ नव्हतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला मराठी थोडं कमी समजते," त्या म्हणाल्या. "मला वाटला, ते होतेच." आणि गाडीत बसून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. हंसाताई उशीला टेकून बसल्या होत्या, गळा बांधलेला नव्हता तरी बांधल्यासारख्या गप्प. मोने बाजूच्या स्टुलावर. मी सगळं सांगितलं, ते "बरोब्बर" सांगितलं, हसू सांगितलं. हात जोडल्याचं सांगायला लागलो तेव्हा हंसाताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मोने मला बाहेरच्या बाकावर घेऊन आले. "डॉक्टर म्हणतो, गाठ निघाली, पण रविवारी आत फाटलंय. आवाज येईल की नाही, आला तर कसला येईल, त्यालाही सांगता येत नाही."

"काका, तुम्ही कशाला बोलावलंत त्यांना?"

"न बोलावता राहिलो असतो तर जन्मभर बोलली नसती माझ्याशी," असं म्हणून ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "माझा पहिला प्रयोग होता रे. साताऱ्याला. पडदा वर जायच्या आधी पळून जाणार होतो मी. ही विंगेत उभी होती. म्हणाली, 'जा तू. मी आहे.' तिची एंट्री थेट तिसऱ्या अंकात. पण दोन्ही अंक ती तिथून हलली नाही. अंगात ताप होता तिच्या. नंतर कळलं मला."

मला एकदम त्यांनी माइकपाशी दिलेलं उत्तर आठवलं. हंसाताईंनी विचारलेला तो प्रश्न रोबॉटला नव्हताच, मोन्यांना होता.

सिनेमा लागला. राज्यभर लागला, चांगला चालला. वर्तमानपत्रांत खड्ड्यांवर लेख आले, फुलांवरून, आवाजावरून टिंगल झाली. कॅप्टन स्वतः का गेली, असं एकानेही विचारलं नाही. आणि हंसाताई घरी बसून होत्या. फोन नाही, भेट नाही. मोन्यांना विचारलं की ते नुसती मान हलवायचे. डॉक्टरने बोलायची परवानगी दिली होती, पण ही बोलूनच बघत नाही, म्हणायचे. घाबरली असेल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला. मला मात्र झोप लागेनाशी झाली होती.

तीन-साडेतीन महिन्यांनी एका दुपारी मोन्यांच्या नंबरावरून फोन आला. उचलला. पलीकडे नुसती घरघर. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा काहीतरी आवाज. मला वाटलं, लाइन खराब आहे.

"हॅलो? काका?"

"डिंगणकर," ती करवत म्हणाली, "सगळ्यांना तिने झोपवलं. मग तिला कुणी झोपवलं रे?"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. "ताई?"

"विचारलं त्याचं उत्तर दे. घंटा वाजली तेव्हा ती पण झोपलेलीच होती ना? मग तिच्या उशाशी कोण उभं होतं? एवढा खड्डा राहिला आणि तू म्हणे भौतिकशास्त्रवाला!"

ना ती चेटकीण होती त्या आवाजात, ना बाहुली, ना हेलन. पुन्हा कुठल्याही माइकसमोर उभा राहणारा तो आवाज नव्हता, हे दोन वाक्यांत समजत होतं. आठी तेवढी शाबूत होती. मागून मोन्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि "पाणी पी आधी, हंसा" असं ते म्हणालेलंही मला ऐकू आलं.

"ताई," मी म्हणालो, "माझ्याकडे नाही उत्तर."

"मग शोध," त्या म्हणाल्या. "मी फोन धरून ठेवलाय."